'हिमालयन ब्लंडर' घ्यायचंय, कुठली आवृत्ती बरी? (वडिलांसाठी)

घणसोली_लोकल
नमस्कार मंडळी, बाबांच्या पंचाहत्तरीला पुस्तक द्यायचंय. त्यांना युद्धांवरची पुस्तकं म्हणजे जीव की प्राण, ७१ झालं, कारगिल झालं, पण ६२ च्या चीन युद्धाचा विषय निघाला की "हरलो एवढं माहितीय, अजून काय वाचायचं" म्हणून उडवून लावतात. म्हणून मुद्दाम ब्रिगेडियर जॉन दळवींचं हिमालयन ब्लंडर द्यावं असं डोक्यात आहे. आता ऑनलाइन बघितलं तर तीन-चार वेगवेगळी कव्हरं, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, एकावर "रिव्हाइज्ड एडिशन" लिहिलंय आणि एक जुनी हार्डबाउंड कुणीतरी भलत्याच भावाने लावलीय. यातलं नेमकं घ्यायचं काय? बाबा इंग्रजी वाचतात पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक टाइप असला की वैतागतात. मराठीत काही दमदार असेल तर तेही सुचवा.

नौपाड्याचा_नाना
आधी त्या रिव्हाइज्डचा निकाल लावू. पुस्तक आलं १९६९ ला, आपल्या मुंबईतल्याच थॅकरने काढलं होतं, आणि दळवी गेले १९७४ ला. तेव्हा आज कुणी रिव्हाइज्ड म्हणून विकत असेल तर लेखकाने काही त्यात हात घातलेला नाही हे उघड आहे, फार तर नवीन टाइपसेटिंग, नवं कव्हर आणि कुणाची तरी प्रस्तावना. त्या एका शब्दाचे जास्तीचे पैसे मोजू नका.

बघायचं असेल तर नकाशे बघा. या पुस्तकातली मुख्य लढाई नामका चू या एका अरुंद नदीच्या काठावर होते, ढोला पोस्ट ही आपली चौकी, नंबर दिलेले पूल, वर त्सांगधर, मागे हाथुंग ला, समोर थाग ला ('ला' म्हणजे खिंड), ही नावं पानापानावर येत राहतात आणि नकाशा नसेल तर दहा मिनिटांत माणूस हरवतो. आपली ब्रिगेड खाली नदीला चिकटून आणि चिनी वर डोंगरावर, हे एकदा नकाशात दिसलं की २० ऑक्टोबरच्या पहाटे चिन्यांनी हल्ला केला तेव्हा काय झालं असणार ते वेगळं सांगावं लागत नाही. माझ्याकडे एक स्वस्तातली पेपरबॅक आहे (प्रकाशकाचं नाव घेत नाही, बाजारात सहसा मिळते ती देहरादूनच्या नटराजची, ही ती नव्हे). तिच्यात नकाशा छापील पानावरून झेरॉक्स मारून परत छापल्यासारखा, नावं वाचायला भिंग लागतं, वर तो जोडपानावर टाकलाय त्यामुळे मधला भाग बाइंडिंगमध्ये गेलाय. आणि मधे काय होतं, तर नदी! पुस्तक उघडून जोर लावला तर गोंद सुटतो, नाही लावला तर नामका चू दिसत नाही.

त्यामुळे दुकानात जाऊन हातात घेऊन बघणार असाल तरच घ्या. ऑनलाइनच घ्यायचं असेल तर विकणाऱ्याला नकाशाच्या पानाचा आणि मजकुराच्या एका पानाचा फोटो पाठवायला सांगा, बाबांचा टाइपचा प्रश्नही तिथेच सुटेल.

सीवूड्स_निवृत्त
नानांशी नकाशाबद्दल सहमत. पण मी २२ वर्षं युनिफॉर्ममध्ये काढली म्हणून एक सांगतो, आवृत्तीपेक्षा वाचायचा क्रम महत्त्वाचा. दळवी स्वतः ७ इन्फंट्री ब्रिगेडचे कमांडर, २२ ऑक्टोबरला चिन्यांच्या हाती लागले, मे ६३ मध्ये परत आले. पुस्तकात राग आहे आणि तो रास्तच आहे, सुती कपड्यातली पोरं पन्नास-पन्नास गोळ्या देऊन त्या थंडीत पाठवली तर माणूस काय ओव्या लिहिणार? तरीपण ते या प्रकरणातले एक पक्षकार आहेत हे विसरू नये. दळवींच्या वरचे कोर कमांडर जनरल कौल यांनी आपली बाजू 'द अनटोल्ड स्टोरी'त १९६७ लाच मांडली होती, ती वाचली की दळवींचा आवाज एवढा का चढलाय ते कळतं. (कौलांचं पुस्तक मला पटलं नाही, पण वाचावं.)

दुसरं, नामका चूला पोचेपर्यंत बरीच पानं तिबेट, नेहरू, संरक्षणमंत्री मेनन, पन्नासच्या दशकातलं राजकारण यात जातात. तिथेच बरेच जण पुस्तक मिटतात. बाबांना सांगा, सप्टेंबर ६२ मध्ये चिनी थाग ला उतरून ढोलापाशी आले तिथून सुरू करा, आधीचं नंतर वाचा.

मराठीत हवं तर मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं 'न सांगण्याजोगी गोष्ट', राजहंसचं. फौजी माणसाने लिहिलंय पण आरडाओरडा नाही, आणि नुसती नामका चू नाही, लडाखपासूनचं चित्र येतं. मी म्हणेन आधी हेच द्या, दळवी नंतर. तिसरं हवं असेल तर लेफ्टनंट कर्नल श्याम चव्हाणांचं वालाँग, तेही युद्धकैदी होते.

खारघर_पोरगा
ई-बुक घ्या ना सरळ, अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं

नौपाड्याचा_नाना
@खारघर अक्षर मोठं होतं, नकाशा नाही होत. मोठा केला की नुसता धुरकट होतो. आणि पंचाहत्तरीला फाइल काय भेट देणार?

खारघर_पोरगा
ते पण आहे 😄 मग त्या परदेशी पत्रकार मॅक्सवेलचं इंडियाज चायना वॉर कसं आहे?

सीवूड्स_निवृत्त
१९७० चं आहे, सगळं खापर भारतावर फोडतो. पण ६२ च्या पराभवाची लष्करानेच चौकशी करून केलेला गुप्त हेंडरसन ब्रुक्स अहवाल त्याच्या हाती लागला होता, २०१४ ला त्यातला बराचसा भाग त्यानेच इंटरनेटवर टाकला. अभ्यासाला वाचावं, पंचाहत्तरीला देऊ नये. बीपी वाढेल.

घणसोली_लोकल
खूप आभार सगळ्यांचे. आधी पित्रे आणि मग दळवी, असं ठरवलं. ती जुनी हार्डबाउंड मात्र अजून खुणावतेय, बाबांना जुन्या पुस्तकांचं कौतुक आहे. घ्यावी का?

नौपाड्याचा_नाना
संग्रहाला घेत असाल तर घ्या, वाचायला नको. खाडीजवळच्या दमट हवेत जुनी पुस्तकं काय होतात ते तुम्हा नवी मुंबईकरांना मी सांगायला नको, बुरशी लागली की शेजारची चार पुस्तकं घेऊन जाते. घेतलीच तर आतल्या पानावर थॅकर आणि १९६९ छापलंय का ते बघा, "जुनी" म्हणून नंतरची रिप्रिंटही खपवतात. आणि नकाशाचं पान कुणी फाडून नेलं नाहीये ना ते पण.

पैसे टाकायच्या आधी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात पित्रेंचं चाळायला मिळतं का विचारा. माझी ती गंडलेली पेपरबॅकही बघायला देतो, म्हणजे काय घ्यायचं नाही ते कळेल. ट्रान्सहार्बरने या, स्टेशनवरच भेटू, फक्त रविवार नको, मेगाब्लॉक असला की तुम्ही ऐरोलीलाच बसून राहाल.

घणसोली_लोकल
शनिवारी संध्याकाळी येतो काका, मेसेज करतो.