मदत हवी आहे: चिपळूणात दीड दिवस, सोबत गुडघेदुखीवाले सासरे. जुन्या जागा कुठल्या बघाव्यात?

नमस्कार मंडळी, आम्ही कुडाळचे. मार्गशीर्षात चिपळूणला घरचं लग्न आहे, शुक्रवारी दुपारी पोचतोय, लग्न रविवारी, म्हणजे शनिवार अख्खा मोकळा (संध्याकाळी हळद आहे, पाचपर्यंत परत यायलाच हवं नाहीतर नणंदबाई बोलणार). आजवर चिपळूण म्हणजे मुंबईला जाताना एसटी थांबते ते स्टँड एवढंच माहीत, आमचे हे म्हणतात तिथे बघायला काय आहे, वाशिष्ठी आणि पूर. पण सासरे इतिहासाचे रिटायर्ड मास्तर, त्यांना देवळं-किल्ले सगळं हवंय आणि गुडघे तर दोन्ही गेलेत. शिवाय २०२१ च्या पुरात तिथल्या वाचनालयाची पुस्तकं चिखलात गेली ती बातमी बघितल्यापासून त्यांना ते वाचनालय बघायचंच आहे. आणि लेकाला (वय ९) मगर. काय जमेल, काय सोडावं, प्लीज सांगा. गाडी नाहीये, रिक्षा करू.

गोवळकोटकर:
ताई, मिस्टरांना सांगा की वाशिष्ठी बघायलाच लोक येतात आता 😄 आणि एप्रिल-मेमधे बाकी कोकणातल्या नद्या कोरड्या पडतात तेव्हा आमच्या नदीला पाणी असतं, कारण कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून झालं की इकडे उतरतं.

आता मुद्द्याचं. वाचनालय म्हणजे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ चं. २००५ च्या पुरातपण त्याचं नुकसान झालेलं, २०२१ ला परत, आणि तरी उभं आहे. तिथेच जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे. शुक्रवारी पोचल्या पोचल्या तिकडेच जा, पण आधी फोन करून वेळ विचारा. मास्तर आत गेले की लवकर बाहेर यायचे नाहीत हे धरून चाला. तिथून उजेड असला तर रावतळ्याला विंध्यवासिनी, मूर्ती महिषासुरमर्दिनीची आहे, फार जुनी आणि फार सुरेख.

शनिवारी सकाळी गोवळकोट. पायथ्याला करंजेश्वरीचं देऊळ (आमच्या शिमग्यातले शेरणे, म्हणजे पुरून ठेवलेले नारळ पालखीने शोधायचे, ऐकले असतील), वर किल्ला, गोविंदगड. जंजिऱ्याच्या सिद्दीकडून १७४५ मधे तुळाजी आंग्र्यांनी घेतला. देवळाकडून चढायला पंधरा-वीस मिनिटं, पण ती आपल्या पायांची, मास्तरांना खाली देवळातच बसवा. मगरी बघायची बोटपण तिकडूनच मिळते. मग दुपारी परशुराम.

घाटमाथा:
परशुरामाला दुपारी नको हो! देऊळ रस्त्याच्या खाली आहे, जांभ्याची पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरून जायचं. उतरताना काही वाटत नाही, येताना उन्हात गुडघेवाल्या माणसाचं काय होतं ते मी आमच्या आईच्या वेळी बघितलंय, दर दहा पायऱ्यांनी बसत होती आणि आम्ही आपले ताकाच्या शोधात. सकाळी सातला जा, गारवा असतो, वरून खाली खाडीवर धुकं दिसतं. मास्तरांना सांगायला एक गोष्ट, १७२७ मधे सिद्दी साताने हे देवस्थान लुटलं आणि त्यानंतर ब्रह्मेंद्रस्वामी (बाजीराव पेशव्यांचे गुरू) कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला गेले. मागे रेणुकेचं देऊळ आहे ते चुकवू नका, लोक पुढूनच परत फिरतात.

डेरवणची शिवसृष्टी (शिवाजी महाराजांच्या आयुष्यातल्या प्रसंगांची शिल्पं) कोणीतरी सुचवेलच. चांगली आहे, पोराला आवडेल, पण ती आताच्या काळातली, आणि वीसेक किमी लांब. हळद चुकेल.

धागाकर्ती:
धन्यवाद दोघांनाही 🙏 पण आता गोंधळ वाढला, सकाळी परशुराम की सकाळी बोट? मगरी दुपारी दिसत नाहीत का? आणि खरंच एवढ्या असतात? लेकाने तो रस्त्यावर फिरणाऱ्या मगरीचा व्हिडिओ दहा वेळा बघितलाय.

गोवळकोटकर:
तो २०२४ च्या पावसातला व्हिडिओ. रोज नाही फिरत हो रस्त्यावर 😂 पण खाडीत भरपूर आहेत. त्यांना सकाळ-दुपारचं काही नाही, ओहोटी हवी. पाणी उतरलं की काठचा चिखल उघडा पडतो आणि थंडीत त्या त्याच्यावर ऊन खात पडतात. भरतीला गेलात तर नुसतं पाणी बघून याल, पैसे तेवढेच. घाटमाथाचं पटलं, आधी परशुराम करा. त्या दिवशी तिथी कुठली आहे?

धागाकर्ती:
सासऱ्यांनी लगेच कालनिर्णय काढलं. शनिवारी पंचमी आहे. ते म्हणतात तिथीची पाऊणपट म्हणजे भरती पावणेचारला, ओहोटी त्याच्या सहा तास आधी, पावणेदहाला. बरोबर का?

गोवळकोटकर:
मास्तर पक्के आहेत. पण तो हिशोब समुद्राचा झाला, दाभोळच्या मुखापासून गोवळकोट बरंच आत, इथे पाणी उशिरा उतरतं. साडेदहा-अकराला धक्क्यावर या. सातला परशुराम, दहापर्यंत खाली, अकराला बोट, मग करंजेश्वरी, ज्याला चढायचं त्याने किल्ला. दीडपर्यंत जेवायला घरी. रिक्षावाल्याशी अख्ख्या फेरीचे पैसे आधीच ठरवा, परशुरामला सोडून गेला तर तिथून दुसरी मिळणं कठीण. आणि लेकाला बोटीत पाण्यात हात घालू देऊ नका, हे आईला सांगायला नको पण सांगतो.

धागाकर्ती:
हात मिस्टरच घालतील, मुलगा शहाणा आहे. मास्तर परशुरामला काठी घेऊन येणार म्हणतायत, किल्ल्यावर जाणार नाही असं मात्र अजून कबूल केलेलं नाही.