वडिलांना आतड्याचा कर्करोग: मुलांनी तपासणी कधीपासून करावी?

प्रश्न: वडिलांना ४८व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान झालं असेल, तर मुलांनी तपासणी कधी सुरू करावी? शौचाची फिट चाचणी पुरते का?

उत्तर: वडिलांच्या निदानाच्या वयातून १० वजा करा: ३८. हे आणि ४० यांतलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून तपासणं), पुढे साधारण दर ५ वर्षांनी. फिट पुरत नाही, ती शौचातलं रक्त शोधते. रक्तस्राव न होणारा पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरची वाढ, जिचा पुढे कर्करोग होऊ शकतो) तिला सापडत नाही. घरात आणखी कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असेल तर लिंच सिंड्रोमच्या (अशा कर्करोगांचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) जनुकीय तपासणीबद्दल जरूर विचारा. तो आढळला तर वेळापत्रकच बदलतं.

उत्तर: फिट पॉझिटिव्ह आली तर कृपया ती पुन्हा करून बघू नका. रक्तस्राव अधूनमधून होतो, दुसरी निगेटिव्ह आली तरी धोका तसाच. थेट कोलोनोस्कोपी.

उत्तर: कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायचं रेचक दोन भागांत घ्या. अर्धं आदल्या संध्याकाळी. उरलेलं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून २ तास आधी संपवा. सगळं रात्रीच घेतलं तर सकाळपर्यंत उजव्या बाजूच्या आतड्यात चिकट द्रव साचतो आणि चपटे पॉलिप त्याखाली लपतात. शेवटी पिवळसर, पारदर्शक पाणीच पडायला हवं. रक्त पातळ करणारी औषधं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.