फ्रियर रोड की पी. डिमेलो रोड? आमच्या घरात तरी यावर एकमत नाही

दांडियाबाजारकर (धागा सुरू केला)
परवा माळा आवरताना आजोबांची पत्रं सापडली. आजोबा बडोद्याहून मुंबईला जाऊन बंदराजवळच्या एका गोदामात कापसाच्या गाठींचा हिशेब ठेवायचे, पत्रांवर पत्ता 'फ्रियर रोड'. मागच्या महिन्यात मुंबईला गेलो तेव्हा टॅक्सीवाल्याला तेच सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला, मग जीपीओच्या मागून वाडी बंदराकडे जातो तो, म्हटल्यावर "डिमेलो रोड बोला ना साहेब".
माझं मत सरळ आहे, आत्ताचं नाव बरोबर आणि जुनं परत आणा म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. फ्रियर १८६२ ते ६७ मुंबईचा गव्हर्नर होता, ठीक आहे, पण ती जमीनच मुळात समुद्रात भराव टाकून काढलेली. त्या भरावाच्या मातीच्या पाट्या कोणी उचलल्या? डिमेलो गोदी कामगारांचे पुढारी, १९५८ साली गेले, जॉर्ज फर्नांडिस त्यांच्याच हाताखाली युनियनचं काम शिकले. ज्यांच्या पाठीवर गोणी होत्या त्यांच्या माणसाचं नाव रस्त्याला असलं तर बिघडलं काय?

कोठीवाला
बिघडलं हे की तुझ्याच आजोबांचं पत्र तुझ्या टॅक्सीवाल्याला कळलं नाही. नाव बदललं की जुने कागद मुके होतात रे. दस्तऐवज, पावत्या, लग्नपत्रिका सगळ्यावर जुनं नाव आणि नातवंडं शोधत बसतात. डिमेलोंबद्दल आदर आहेच, त्यांच्यासाठी नवीन रस्ता बांधा की, जुन्यावर चिकटवता कशाला.

रावपुरा_गल्ली
+१ कोठीवाला. आपल्या बडोद्यात बघा, कागदावर सयाजीबाग आहे पण रिक्षावाला कमाटीबागच म्हणतो. माणसांना आवडलेलं नाव मरत नाही.

दांडियाबाजारकर
@रावपुरा_गल्ली अहो हे तर माझ्याच बाजूचं झालं! कमाटीबाग लोकांनी ठेवलेलं नाव. फ्रियर कोणी ठेवलं, हमालांनी? मस्जिद बंदर, चिंचबंदर, दाणाबंदर ही नावं बघा, जिथे जे होतं ते नाव. ती कोणी बदलायला निघालं तर मी तुमच्यासोबत ओरडेन.

सेवउसळ_एक्स्ट्रा_तर्री
सॉरी पण हा वादच फालतू आहे, मी चार वर्षं तिकडे नोकरी केली, रोज त्याच रस्त्याने. वर ईस्टर्न फ्रीवे, २०१३ पासून लोक चेंबूरहून येतात आणि खाली न बघता निघून जातात, आता ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत बोगदा पण खणतायत. खाली ट्रक, भिंत, परत ट्रक, डिझेलचा वास. पाटीवर काहीही लिहा, पाटी वाचायला माणूस चालत तरी हवा ना. आणि इतिहासच पाहिजे तर १९४४ ला जपानने तिथे बॉम्ब टाकले त्याबद्दल लिहा.

कोठीवाला
जपानने नाही हो. ही अफवा तेव्हापासूनची आहे. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाची बोट. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि वर कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी, म्हणजे चूल पेटवायची तयारीच. दुपारी धूर दिसला, चारनंतर पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा त्याहून मोठा. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला. शेकडो माणसं गेली, त्यात ६६ फायर ब्रिगेडची, म्हणून देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो. बोटीत सोन्याच्या विटा पण होत्या, पुढे कित्येक वर्षांनी गाळ काढताना त्यातल्या काही सापडल्या.
आणि दांडियाबाजारकर, त्या दिवशी हे घडलं तेव्हा रस्ता फ्रियर रोडच होता. त्या रस्त्याची सगळ्यात मोठी गोष्ट जुन्या नावाखाली घडलीये, ती तू कुठल्या नावाने सांगणार?

सेवउसळ_एक्स्ट्रा_तर्री
ओके हे माहीत नव्हतं. आमच्या आजीने जपानच सांगितलं होतं.

मांडवी_टॉवर
आजीचं चुकलं नाही, सरकारने बातमीच दाबली होती, लढाई चालू होती ना. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने आधी सांगितली, आपल्या पेपरांना छापायला परवानगी मे महिन्यात.
नावाबद्दल, फ्रंटियर मेल आठवते? बोटीतून उतरलेल्या साहेबांना ती जवळच्या बॅलार्ड पिअरवरून घ्यायची आणि बडोद्यावरून पेशावरला. १९९६ ला गोल्डन टेंपल मेल झाली. माझी आई अजून "फ्रंटियर लेट आहे" म्हणते, गाडी मात्र नव्या नावानेही लेटच असते :)

कोठीवाला
हाहा. पण माझा प्रश्न तसाच आहे.

दांडियाबाजारकर
उत्तर देतो, जरा वेळ लागला कारण परत माळ्यावर चढलो. त्या गठ्ठ्यात एप्रिल ४४ चं एक पोस्टकार्ड आहे. स्फोट शब्द कुठेच नाही. लिहिलंय, "इकडे आग लागली होती, मी सुखरूप आहे, जास्त लिहीत नाही, दिवस तसे आहेत." मग दोन ओळी कापसाबद्दल, की गाठी बरेच दिवस आतून धुमसत होत्या, पाणी मारलं तरी. आणि एका हमालाचं नाव, त्याच्या घरी कोकणात कळवायला कोणीच नाही म्हणून. बाकी शाई पसरलीये, वाचता येत नाही.
तुझा मुद्दा कबूल, ही गोष्ट फ्रियर रोडची म्हणूनच सांगावी लागेल. पण तो हमाल आहे ना, त्याच्यासाठी मी आत्ताच्या पाटीला हात लावू देणार नाही.

कोठीवाला
हम्म. मग दोन्ही नावं लिहा पाटीवर, 'पूर्वीचा फ्रियर रोड' असं बारीक अक्षरात.

रावपुरा_गल्ली
बारीक अक्षर ट्रकवाला वाचणार??

मांडवी_टॉवर
त्या कार्डावर पत्ता कुठला आहे पण? फ्रियर रोडच?

दांडियाबाजारकर
पत्ता नाहीये. तारखेच्या खाली लिहिलंय, "गोदाम राहिले नाही. नवी जागा मिळाली की कळवतो, तोवर पत्र टाकू नये."