‘ट्रेसर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आत्यांना मूत्रपिंडांच्या डीटीपीए स्कॅनसाठी मिळालेले गुजराती माहितीपत्रक मी त्यांच्याकरिता मराठीत उतरवत आहे. ‘रेडिओअ‍ॅक्टिव्ह ट्रेसर’साठी (तपासणीकरिता शिरेतून टोचतात ते किरणे देणारे द्रव्य) ‘किरणोत्सर्गी अनुरेखक’ लिहिले, तेव्हा ‘म्हणजे पट्टी घेऊन रेघा मारणारा का रे?’ असे त्यांनी विचारले. पावलांच्या ठशांवरून चोराचा माग काढणाऱ्याला इकडे ‘पगी’ म्हणतात; त्या धर्तीवर ‘मागकाढ्या’ चालेल का?

उत्तर : आत्याबाईंची शंका रास्त आहे, पण ‘मागकाढ्या’त भूमिकांची अदलाबदल होते. शिरेतून टोचलेले द्रव्य कोणाचाही माग काढत नाही. ते रक्ताबरोबर मूत्रपिंडात जाते आणि वाटेत गॅमा किरणांचे ठसे सोडते. ते ठसे वाचणारा पगी म्हणजे बाहेरचा गॅमा कॅमेरा. म्हणून ‘मागदर्शी द्रव्य’ मला अधिक नेमके वाटते.

‘किरणोत्सर्गी’ हा शब्द एरवी निर्दोष आहे. परंतु मूत्रपिंडांच्या संदर्भात ‘उत्सर्जन’ म्हणजे मूत्रावाटे बाहेर टाकणे, त्यामुळे एकाच परिच्छेदात दोन ‘उत्सर्ग’ आले की वाचक गोंधळतो. येथे ‘किरणोत्सारी’ बरा.

क्रियापदांबाबत मात्र हयगय नको, कारण ही द्रव्ये तयार करणाऱ्यांचा सारा खटाटोप त्यांतच आहे. किरणे देणारे मूलद्रव्य, टेक्नेशियम-99एम, तेच असले, तरी ते ज्या रेणूला जोडावे त्याप्रमाणे त्याची वागणूक बदलते : डीटीपीए मूत्रपिंडात ‘गाळले जाते’, एमएजी3 मुख्यतः नलिकांतून ‘स्रवते’ आणि डीएमएसए बाह्यकात, म्हणजे मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात, ‘धरून राहते’. पूर्वी आयोडीन-131 जोडलेले हिप्पुरान हे द्रव्य वापरत. त्या आयोडीनचे अर्धायुष्य सुमारे 8 दिवस आणि त्याचे 364 केईव्ही (किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) ऊर्जेचे किरण कॅमेऱ्याला गैरसोयीचे, म्हणून 1980च्या दशकात एमएजी3 पुढे आले. टेक्नेशियमचे किरण 140 केईव्हीचे आणि अर्धायुष्य 6 तासांचे आहे. डीटीपीए, एमएजी3 आणि डीएमएसए या तिघांनाही सरसकट ‘शोषले जाते’ लिहिणारी पत्रके मी पाहिली आहेत. ती चूक केवळ भाषेची नाही.

प्रश्नकर्ता : ‘मागदर्शी’ आणि ‘गाळले जाते’ आत्यांना पटले. अडले ते ‘अर्धायुष्या’पाशी, ‘कोणाचे अर्धे आयुष्य?’ म्हणून त्या दचकल्या. तेथे आता ‘दर 6 तासांनी याचा किरणोत्सार निम्मा होतो’ असे लिहिले आहे.