शंट, रिव्हिजन आणि घरची फाइल : इंदूरकरांचा अनुभव धागा

धागाकर्ती, राजेंद्र नगर

मेंदूत पाणी साठतं म्हणून शंट, म्हणजे ते पाणी वाहून नेणारी नळी, बसवलेली, आणि मग रिव्हिजनसाठी, म्हणजे बिघडलेला शंट दुरुस्त करायला किंवा बदलायला, दोनदा, चारदा पुन्हा ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जाऊन आलेली माणसं आपल्याकडे बरीच आहेत. कहाण्या भेटल्यावर सांगूच. इथे फक्त कामाचं लिहा: काय करायचं, किती, कधी, काय बिघडतं आणि का. औषधांचे डोस मात्र कुणी लिहू नका, ते ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवतील.

सुरुवात मी करते. मोठ्या माणसाच्या मेंदूत दिवसाला साधारण ५०० मिली पाणी तयार होतं आणि एका वेळी डोक्यात-मणक्यात मिळून जेमतेम १५० मिली असतं. म्हणजे तासाला सुमारे २० मिली बाहेर जायलाच हवं. नळी तुंबली की ते जाणार कुठे? म्हणून शंटचं दुखणं "उद्या सकाळी बघू" या जातीचं नसतं.

व्हीपी शंटचे, म्हणजे मेंदूतलं पाणी पोटात सोडणाऱ्या शंटचे, भाग तीन. मेंदूच्या पोकळीतली नळी, कानामागे किंवा डोक्यावर कातडीखाली बसणारा, पाणी किती दाबाला सुटेल ते ठरवणारा व्हॉल्व्ह, आणि मान-छातीवरून पोटात उतरणारी लांब नळी. प्रत्येकाचं बिघडणं वेगळं. वरच्या नळीच्या बारीक भोकांत पाणी तयार करणारा पेशींचा झुपका शिरतो. व्हॉल्व्ह रक्ताच्या गुठळीने किंवा प्रथिनांच्या साक्याने अडतो. खालची नळी वर्षानुवर्षांनी चुनखडीसारखी कडक होऊन मानेपाशी तुटते, नाहीतर पोटात तिच्या टोकाभोवती पाण्याची गाठ धरते. मुलांमध्ये बसवल्यापासून पहिल्या वर्षात दर दहांतले तीन-चार शंट बिघडतात. तेव्हा रिव्हिजन लागली म्हणजे कुणाचं तरी चुकलं, असं धरून बसू नका.

आता फाइल. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: शंट कोणत्या बाजूला, व्हॉल्व्हची कंपनी आणि मॉडेल, प्रेशर किंवा सेटिंग, प्रत्येक ऑपरेशनची तारीख आणि त्या वेळी नेमका कोणता भाग बदलला. शंटच्या पाकिटावर एक स्टिकर येतं, ते डिस्चार्जच्या वेळी मागून चिकटवा. नंतर मिळत नाही. आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे तब्येत उत्तम असतानाचा सीटी, सीडीसकट. इमर्जन्सीतला डॉक्टर आजचा सीटी त्याच्याशीच ताडून बघतो. काहींच्या पोकळ्या शंट तुंबला तरी फुगत नाहीत. जुना सीटी नसेल तर "नॉर्मल आहे" म्हणून घरी पाठवतात. फिल्म माळ्यावर टाकू नका, उन्हाळ्यात काळवंडतात.

शेवटचं पान: मागच्या वेळी बिघडला तेव्हा पहिलं लक्षण काय होतं, दुसरं काय, किती तासांत. बहुतेकांचा शंट पुढच्या वेळीही त्याच क्रमाने बिघडतो.

निवृत्त ओटी सिस्टर

ताईंनी फाइलचं बरोबर लिहिलं. मी जखमेचं आणि जंतूंचं लिहिते.

शंटचा संसर्ग बहुधा ऑपरेशननंतर पहिल्या काही महिन्यांत होतो, आणि जंतू बहुतेक वेळा आपल्याच कातडीवरचे असतात. म्हणून ताप आला, घसा-लघवी-छाती सगळं ठीक, आणि ऑपरेशन सहा महिन्यांच्या आतलं, तर आधी शंटचा संशय घ्या. नळीच्या वाटेवर लाल रेघ, पोट दुखणं, जखमेतून पाणी, हीही लक्षणं. गल्लीतल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिक आधी सुरू करू नका. दोन गोळ्या पोटात गेल्या की शंटमधून काढलेल्या पाण्यात जंतू वाढत नाही, आणि मग कुठलं औषध लागू पडेल ते कळायला मार्ग उरत नाही.

टाके साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी निघतात. तोवर डोकं कोरडं. सकाळी उशीची खोळ बघा: पाण्यासारखा, कडेला वर्तुळ धरलेला ओला डाग दिसला तर तो घाम नव्हे. वरून जाड पट्टी बांधून वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं. व्हॉल्व्हभोवती मऊ, पाण्याची फुग आली तरी तेच, खाली वाट अडली असू शकते.

संसर्ग ठरला तर शंट काढून डोक्यातून बाहेर पिशवीत पाणी नेणारी नळी, म्हणजे ईव्हीडी लावतात. शिरेतून अँटिबायोटिक, पाण्याच्या तपासण्या स्वच्छ आल्या की नवा शंट. यात एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त जातात. हाच काळ नातेवाइकांना सांभाळायचा असतो. ईव्हीडीच्या काचेची, म्हणजे पाणी जिच्यात थेंबथेंब पडतं तिची, उंची कानाच्या भोकासमोरच्या छोट्या उंचवट्याच्या पातळीवरून मोजून लावलेली असते. आणि आपली माणसं काय करतात? जेवायला बसवायचं म्हणून पलंगाचं हँडल फिरवतात. डोकं वर गेलं, काच खाली राहिली, की पाणी धो-धो उतरतं. हँडल फिरवण्याआधी सिस्टरला बोलावून नळी बंद करून घ्या, आणि रुग्ण बसला की ती पुन्हा उघडली का हे स्वतः बघा. उघडायला विसरणं बंद करायला विसरण्याइतकंच वाईट.

सर्जिकलवाले, स्नेहलतागंज

दुकानात पहिला प्रश्न एकच: "देशी की इंपोर्टेड?"

छाब्रा शंट उत्तर प्रदेशात शहाजहानपूरला बनतो. लो, मीडियम, हाय अशा ठरावीक प्रेशरचा असतो, काही हजारांत मिळतो, आणि आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत बहुतेकदा तोच बसतो. "स्वस्त म्हणजे कमी टिकाऊ" ही समजूत सोडा. युगांडात १९५ मुलांवर छाब्रा आणि महागडा कॉडमन-हकीम यांची एक वर्ष तुलना झाली, २००५ साली ती छापून आली. निकालात लक्षणीय फरक नव्हता.

पैसे खर्च करायचेच असतील तर अँटिबायोटिक भरलेल्या नळीवर करा, असं माझं मत. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १६०५ रुग्णांवर चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला: साध्या नळीत संसर्ग ६ टक्के, अँटिबायोटिकच्या नळीत २ टक्के. चांदीचा अंश असलेली नळी साधीसारखीच निघाली, नाव मोठं असूनही.

प्रोग्रामेबल व्हॉल्व्ह म्हणजे बाहेरून चुंबकाने प्रेशर बदलता येतं, डोकं उघडावं लागत नाही. यातल्या स्ट्राटा नावाच्या व्हॉल्व्हच्या पाच पायऱ्या, कॉडमन-हकीमच्या अठरा, ३० ते २०० मिलिमीटर पाण्याच्या दाबापर्यंत. वयस्कांना आणि ज्यांचं पाणी जास्त उतरतं त्यांना याचा खरा फायदा. पण त्याबरोबर काळजीही येते. या दोन्हींचं सेटिंग एमआरआयमध्ये सरकू शकतं, म्हणून एमआरआयनंतर त्याच दिवशी तपासून घ्यायचं. सेटिंग बदलायचं यंत्र कुठे आहे हे एमआरआयची तारीख घेण्याआधी विचारा. प्रोगाव्ह किंवा सर्टास प्लस हे व्हॉल्व्ह ३ टेस्लापर्यंतच्या (टेस्ला म्हणजे एमआरआयच्या चुंबकाची ताकद) यंत्रात सहसा सरकत नाहीत. घरातले चुंबक व्हॉल्व्हपासून निदान ५ सेंटिमीटर लांब: मोबाइलचं चुंबकी कव्हर, मोठे हेडफोन, टॅबलेटची झाकणं. चुंबकचिकित्सेच्या टोप्या आणि उश्या तर घरातच नकोत.

नवा सदस्य

आमच्याकडे रोज सकाळी व्हॉल्व्ह दाबून बघतात. दबला आणि वर आला म्हणजे चालू आहे, असं मावशी म्हणतात. बरोबर आहे का?

निवृत्त ओटी सिस्टर

नाही. दबून वर येणारा शंट तुंबलेला असू शकतो आणि हळू येणारा चालू असू शकतो. वर रोज दाबल्याने पाणी जास्त ओढलं जातं आणि झुपका भोकांत शिरायला मदत होते. सर्जनने स्वतः सांगितलं असेल तरच. मावशींना सांगा, हात लावायचाच असेल तर कपाळावरून फिरवा.

लहान बाळाची आई, सुदामा नगर

टाळू भरली नाही तोवर डोक्याचा घेर हेच घरचं यंत्र. कापडी, शिवणकामाची जुनी टेप नको, ती ताणते. भुवयांच्या किंचित वर, कानांच्या वर आणि मागे सर्वांत फुगीर भागावरून. तीनदा मोजायचं, मोठा आकडा लिहायचा. आठवड्यातून एकदा, एकाच माणसाने. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं पहिले तीन महिने महिन्याला साधारण २ सेंटिमीटर, पुढचे तीन महिने १ आणि मग वर्षाचं होईपर्यंत अर्धा सेंटिमीटर वाढतं. शंट असलेल्या बाळाचा आकडा एका आठवड्यात एकदम उडी मारत असेल तर डॉक्टरांना फोन. टाळू बघायची ती बाळ मांडीवर बसलेलं आणि शांत असताना. रडताना ती सगळ्यांचीच फुगते. डोळ्यांची बुबुळं खाली गेलेली आणि वर पांढरं दिसणं, हे थांबायचं लक्षण नाही, निघायचं.

बद्धकोष्ठ हा शंटचा छुपा वैरी. पोटातला दाब वाढला की नळीतून पाणी उतरायला अडतं, डोकं दुखतं, उलटी होते आणि सगळे शंट बदलायच्या तयारीला लागतात. पोट साफ झालं की कधीकधी सगळं जागेवर येतं. कधीकधीच, म्हणून हे डॉक्टरांसमोर सांगायचं, घरी ठरवून बसायचं नाही. आणि मोठ्या मुलाच्या शौचाच्या जागी नळीचं टोक दिसणं, असं क्वचित होतं. ओढायचं नाही, कापायचं नाही, स्वच्छ कपड्यात गुंडाळून थेट रुग्णालय.

वडिलांचं बघणारा, लोकमान्य नगर

म्हाताऱ्या माणसांत तीन गोष्टी एकत्र आल्या तर वय म्हणून सोडू नका: पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवी न आवरणं, विसरभोळेपण. मेंदूत पाणी साठण्याचा हा म्हातारपणचा प्रकार हकीम आणि अ‍ॅडम्स या डॉक्टरांनी १९६५ मध्ये मांडला. शंटने सगळ्यांत आधी सुधारते ती चाल, विसर सगळ्यांत शेवटी किंवा सुधारतच नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

शंटचा उपयोग होईल का हे ठरवायला पाठीतून ३० ते ५० मिली पाणी काढून बघतात. त्याआधी आणि नंतर त्याच व्हरांड्यात दहा मीटर चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, पावलं मोजा, वळायला किती पावलं लागली तेही. "बरं वाटतंय" यापेक्षा हे डॉक्टरांना जास्त सांगतं.

शंट बसल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पाणी जास्त उतरलं तर मेंदू आकसून बाजूला रक्त जमू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा बाथरूममध्ये पडले असतील तर जास्तच. नवी डोकेदुखी, एका बाजूचा हात ढिला, झोप वाढणं: लगेच सीटी. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान कार्ड मिळतं, ५ लाखांपर्यंत. कार्ड ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी काढा. ऐन वेळी आधारचा ठसा जुळत नाही, म्हाताऱ्यांची बोटं गुळगुळीत झालेली असतात.

फिजिओ, पलासिया

दुखणं उभं राहिल्यावर येतं आणि आडवं झाल्यावर जातं? पाणी जास्त उतरत असेल. पहाटे, आडवं असताना जास्त, उठल्यावर थोडं कमी? तुंबण्याकडे संशय. हे दोन ओळींत डायरीत लिहा: वेळ, उभे की आडवे, उलटी झाली का. मे महिन्यात इंदूरच्या बेचाळीस डिग्रीत पाणी कमी प्यायलं तर पहिल्या प्रकारचं दुखणं साध्या कारणानेही येतं, म्हणून आधी पाणी प्या, मग घाबरा.

दुसऱ्या-तिसऱ्या ऑपरेशननंतर लोक मानेला आखडून घेतात, कारण नळीच्या वाटेवर ओढ बसते. जुन्या वणाच्या जागी नळी कातडीला धरलेली असते, म्हणून ती ओढ पहिल्या वेळेपेक्षा जास्त असते. टाके निघेपर्यंत हळूहळू: अंथरुणात उशी वाढवत बसणं, मग कडेला पाय सोडून दोन मिनिटं, मग उभं. टाके निघाल्यावर मान दोन्हीकडे सावकाश, दुखेल तिथे थांबून. झटका नको.

झटक्यावरून आठवलं: न्हाव्याच्या खुर्चीत केस कापून झाल्यावर तो न विचारता मान कडाकडा मोडतो, वर चंपी. खुर्चीत बसतानाच सांगा. जुनी, कडक झालेली नळी मानेतच तुटते. शीर्षासन नको. हेल्मेट घेताना व्हॉल्व्हच्या जागी आतला स्पंज दाबतोय का, दहा मिनिटं दुकानातच घालून बघा. काढल्यावर त्या जागी लाल खूण उरत असेल तर दुसरा साइझ. आणि रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर टाके असताना जायचं नाही. तोफेतून येणारं रंगीत पाणी आणि ती गर्दी, दोन्ही वर्षभर थांबतात.

नवा सदस्य

रात्री दोनला उलट्या सुरू झाल्या, झोप अनावर आहे, तर घरून निघताना काय?

धागाकर्ती, राजेंद्र नगर

तोंडाने काही द्यायचं नाही, पाण्याचा घोटही नाही. गुंगीत ठसका लागतो, आणि ऑपरेशन लागलं तर भूल देणाऱ्याला पोट रिकामं हवं असतं. जेवणाला सहा तास मोजतात. शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं ते हातावर पेनने लिहा. डोकं उंच ठेवून, कुशीवर, चारचाकीत किंवा १०८ च्या गाडीत. स्कूटरवर मध्ये बसवून नाही. न्यूरोसर्जन आणि सीटी रात्री चालू असलेलं ठिकाण कोणतं, हे आज दुपारीच फोन करून विचारून फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. फाइल कपाटात कुलपात नको, दाराजवळच्या खिळ्याला पिशवीत.