पुठ्ठे-शीट लावून गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढतं का? (सोसायटीतली चर्चा, नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

बी-४०२: ए-१०१ काका, तुमच्या गाडीची पुढची जाळी प्लास्टिक शीटने पूर्ण बंद दिसली. मुद्दाम केलंय का?

ए-१०१: हो, मुद्दामच. हवा आत शिरून इंजिनाच्या पसाऱ्यावर आदळते. ती अडवली की गाडी मोकळी पळेल. पुढच्या आठवड्यात लांबचा प्रवास आहे.

सी-३०३: काका, विचार बरोबर आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत जाळीमागे कंपनीच उघडझाप करणाऱ्या पट्ट्या देते. पण इंजिन तापलं की त्या उघडतात, शीट उघडणार नाही. शिवाय इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या पुढेच एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर असतो, तोही गुदमरतो. घाटात एसी लावून अडकलात तर इंजिन तापेल. झाकायचंच तर वरची जाळी झाका, खालची मोकळी ठेवा आणि टेम्परेचरच्या काट्यावर नजर असू द्या.

ए-१०१: बरं, खालची आजच काढतो.

डी-२०४: एवढ्या खटाटोपाने खरंच पेट्रोल वाचतं?

सी-३०३: वेगावर आहे, ताई. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ५० च्या वेगाला जेवढा, १०० ला त्याच्या चौपट, आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. सिग्नल ते सिग्नल गाडी चालवणाऱ्यांनी यात पडूच नये.

बी-४०२: मग पुढचं नाक टोकदार करायचं का?

सी-३०३: नको. गोल कडा पुरतात. नासाचे इंजिनिअर एड सॉल्ट्झमन सायकलने कामावर जायचे. ट्रक शेजारून जाताना हवा आधी त्यांना बाहेर ढकलायची आणि ट्रक पुढे गेला की रस्त्याकडे ओढायची. त्यातूनच १९७० च्या दशकात त्यांच्या टीमने एका व्हॅनला अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून चौकोनी खोकं बनवलं आणि त्याच्या कडा गोल करत मोजमाप घेतलं. अडथळा निम्म्यावर आला! मला हा प्रयोग फार आवडतो, कारण तो आपल्यासारख्यांनाही समजतो. आजच्या गाड्यांचं नाक मात्र आधीच गोल असतं. उरलेली ओढ जास्त करून मागची, खालची आणि चाकांची. मागच्या कडेवर हवा गाडीच्या अंगापासून सुटली की डिकीमागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि तो गाडीला मागे खेचतो. १९९९ ची होंडा इन्साइट आठवा. निमुळती शेपूट, मागची चाकं झाकलेली, ड्रॅगचा म्हणजे हवेच्या अडथळ्याचा गुणांक फक्त ०.२५; तो जितका कमी तितकी गाडी मोकळी.

ई-५०१: मी गाडीला खालून सनबोर्ड (हलकी प्लास्टिक-फोमची शीट) लावायचा विचार करतोय.

सी-३०३: दादा, सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा, खूप तापणारा डबा) यांच्याजवळ अजिबात नको, पेट घेईल. आणि काहीही लावण्याआधी मागच्या काचेवर, डिकीवर लोकरीचे बोटभर धागे टेपने चिकटवा आणि दुसऱ्या गाडीतून कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. हवा चिकटून वाहते तिथे धागे सपाट पडतात, सुटते तिथे वेडेवाकडे फडफडतात. मोजतानाही एकाच दिवशी, त्याच रस्त्यावर, जाऊन-येऊन मोजा. आधी शीटसह, मग शीटशिवाय, मग पुन्हा शीटसह. नाहीतर वाऱ्याची कमाई शीटच्या नावावर जमा होते.

डी-२०४: आणि काकांच्या टपावरचं कॅरिअर?

सी-३०३: ते सगळ्यात आधी उतरवा! अमेरिकन सरकारच्या माहितीनुसार टपावरच्या मोठ्या सामानपेटीमुळे हायवेवर अ‍ॅव्हरेज ६ ते १७ टक्क्यांनी घटू शकतं. रिकामं कॅरिअरही फुकटचं पेट्रोल खातं.

ए-१०१: बोल्ट गंजलेत रे, हलत नाहीत.

ई-५०१: माझ्याकडे स्प्रे आणि पाना आहे काका. सात वाजता पार्किंगमध्ये येतो.