मदत हवी आहे: फळांवरचे स्टिकर साल न फाडता कसे काढायचे?

अनघा_म
मॉलमधून आणलेल्या फळांवरचे स्टिकर निघत नाहीयेत. नखाने काढायला गेलं की सालही सोबत येते. निघालाच तर खाली चिकट गोल उरतो आणि त्यावर लगेच मळ बसतो. पाण्यात भिजवून झालं, उपयोग नाही. कृपया "साल काढून खा" असं सांगू नका. उद्या सकाळच्या आत हवं आहे.

गजरा
कुठलं फळ? स्टिकर कागदी की प्लास्टिकचा? फळं फ्रिजमधली की बाहेरची? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

खोबरेल
एवढं विचारायची गरज नाही. स्टिकरवर खोबरेल तेलाचा थेंब सोडा, दहा मिनिटांनी फडक्याने पुसा. कसलाही गोंद सुटतो.

रसायन
@खोबरेल, कागदी असेल तर सुटेल, कारण कागद तेल पितो. प्लास्टिकच्या आरपार तेल जातच नाही, ते फक्त कडेने झिरपतं. आधी एक कड उचलून तिथे तेल सोडलं तरच गोंदापर्यंत पोचतं.

सोपा_उपाय
हँड सॅनिटायझर! कापसावर घ्या आणि चोळा. मिनिटात काम.

रसायन
सफरचंद असेल तर मुळीच नको. बाहेरून येणाऱ्या सफरचंदांवर चकाकीसाठी बरेचदा शेलॅक (लाखेपासून केलेला लेप) किंवा कार्नोबा मेणाचा थर असतो. शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं. स्टिकर निघेल, पण त्या जागी पांढुरका, निस्तेज डाग कायमचा राहील.

बरणी
जॅमच्या बाटलीचं लेबल काढायचं असेल तर गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून बाटली अर्धा तास बुडवून ठेवा. कागद गळून पडतो. उरलेल्या गोंदाला तारेची घासणी.

गजरा
बरणी, प्रश्न फळांचा आहे. पेअरवर तारेची घासणी फिरवली तर शिल्लक काय राहणार?

अनघा_म
पेअर, आलुबुखार, सफरचंद. त्यांच्यावर छोटे चकचकीत स्टिकर आहेत. पपईवर वजनकाट्यावर छापून मिळतो तो पांढरा बारकोडवाला. सगळं फ्रिजमध्ये होतं. उद्या घरी सत्यनारायण आहे, फळं अख्खी मांडायची आहेत, म्हणून साल फाटायला नको. कसला वासही नको.

गजरा
हे आधी लिहिलं असतंत तर इतका वेळ गेला नसता.

रसायन
आता नेमकं सांगता येईल. चकचकीत स्टिकर प्लास्टिकचे असतात आणि गोंद दाबाने चिकटणारा, बहुतेक ॲक्रिलिकचा. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून भिजवून फरक पडला नाही. त्याचे दोन गुण लक्षात ठेवा: ऊब मिळाली की मऊ होतो, आणि जितक्या झटक्याने ओढाल तितका घट्ट धरतो. पेअरची साल फाटते ती या झटक्याने.

फळं तासभर बाहेर ठेवा आणि कोरडी पुसा. हात सहज बुडवता येईल इतक्या गरम पाण्यात (४० ते ४५ अंश) फडका बुडवून पिळा आणि स्टिकरवर मिनिटभर दाबून धरा. उकळतं पाणी नको, त्याने सफरचंदाचं मेण पांढरं पडतं. मग कड नखाने न खरवडता अंगठ्याच्या पेराने लोटत उचला. उचललेली कड मागे दुमडा आणि स्टिकर सालीला समांतर, स्वतःच्याच अंगावरून मागे ओढत न्या. वरच्या दिशेने उचलू नका, तिथेच साल वर खेचली जाते. दुसऱ्या हाताचा अंगठा स्टिकर सुटतोय त्या रेषेला लागून सालीवर दाबून ठेवा. एका स्टिकरला दहा-पंधरा सेकंद लागू द्या. गोंद परत धरायला लागला तर थांबून पुन्हा फडका ठेवा.

थंडावा
उलटं सांगताय. बर्फ चोळा, गोंद कडक होतो आणि स्टिकर टचकन उडतो.

रसायन
काचेवर उडतो. फळांचे स्टिकर शीतगृहात ० ते ४ अंशांना, ओलसर सालीवरही टिकावेत म्हणून बनवलेले असतात. बर्फाने ते दाद देणार नाहीत. फ्रीझरमध्ये ठेवलं तर पेअरच्या पेशी फुटतात आणि बाहेर काढल्यावर ते तपकिरी पडून पाणी सोडतं.

थंडावा
टणक सफरचंदावर बर्फ चालतो, यावर मी ठाम आहे. पेअरचं तुमचं मान्य.

माळीबुवा
काढलेले स्टिकर ओल्या कचऱ्यात टाकू नका, ही विनंती. कंपोस्टमध्ये बाकी सगळं कुजून जातं आणि चाळणीवर हे चकचकीत तुकडे जसेच्या तसे सापडतात. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२२ पासून घरच्या कंपोस्टमध्ये न कुजणारे फळांचे स्टिकर बंद आहेत. आपल्याकडेही व्हायला हवं.

सोपा_उपाय
स्टिकरवरचा आकडा बघून घ्या आधी. ८ ने सुरू झाला तर जनुकबदल केलेलं फळ. ते पूजेला नको.

परदेशस्थ
हा गैरसमज फार फिरतो. चार आकडी कोड नेहमीच्या शेतीतलं फळ, त्याआधी ९ लावला की सेंद्रिय. साधं केळं ४०११, सेंद्रिय केळं ९४०११. जनुकबदलासाठी ८ राखून ठेवला होता, पण दुकानातल्या फळांवर तो कधी वापरात आला नाही. शिवाय हा कोड बिलिंगच्या सोयीसाठी असतो. कोणती फवारणी झाली ते त्यावरून कळत नाही.

गजरा
कोडचा वेगळा धागा काढा. अनघाताई, पपईचं सांगते. तो थर्मल, म्हणजे उष्णतेने छपाई होणारा कागद आहे. त्याला जास्त उष्णता किंवा सॅनिटायझर लागलं की काळा पडतो. त्यामुळे शेकू नका. वरचा पापुद्रा कोरडाच ओढून काढा. खाली उरलेल्या खरबरीत कागदावर तेल लावा, दहा मिनिटं थांबा, मग चमच्याच्या पाठीने एकाच दिशेने लोटा. इथे @खोबरेल यांचं बरोबर आहे. पुढच्या वेळी काट्यावरच सांगायचं, लेबल पिशवीला लावा.

अनघा_म
पेअरचे निघाले! मागे दुमडून ओढल्यावर एकही साल फाटली नाही. चिकट गोल मात्र आहेत.

रसायन
त्यावर चिमूटभर तांदळाची पिठी टाका आणि अंगठ्याने गोल चोळा. पिठीने चिकटपणा मरतो आणि गोंद वळ्या होऊन सुटतो. तरीही राहिला तर बोटाला तेल लावून पुसा, मग नळाखाली धुऊन कोरडं करा. सोडा चोळू नका, पेअरवर ओरखडे उठतात. सेलोटेप चिकटवून ओढायची युक्ती फक्त सफरचंदावर करा.

खोबरेल
पूजेला खोबरेलच वापरा, वास सात्त्विक असतो.

अनघा_म
आलुबुखारावर स्टिकर होता तिथे गडद गोल दिसतोय. बाकी फळ पांढुरकं आहे. ते खराब झालं का?

गजरा
नाही. ती पांढरी भुकटी म्हणजे फळाचं स्वतःचं मेण, ते स्टिकरबरोबर निघून गेलं. परत येणार नाही. सगळी आलुबुखारं ओल्या मऊ फडक्याने एकसारखी पुसून घ्या, सगळी सारखीच गडद दिसतील. पण पुसल्यावर ती लवकर सुकतात, म्हणून आज रात्री नको, सकाळी मांडायच्या आधी पुसा.